साठ्यांचं पित्त आणि आमची व्हॅन

चार मराठी माणसं रोज एकाच व्हॅनमधून दिल्लीतल्या आर. के. पुरमहून गुडगावला जायला लागली, की किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपोआप गोळा होतात, आणि सांगायला बसलं की आधी कुठला सांगावा तेच कळत नाही. आमचे बहुतेक किस्से साठ्यांच्या पित्ताचे. ऐकताना लोक खूप हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

गुडगावात तेव्हा परदेशी कंपन्यांच्या काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. क्वार्टर साठेवहिनींच्या सरकारी नोकरीतलं, व्हॅन साठ्यांची, आणि आत बसणारे आम्ही तिघं: नेने, पेडणेकर आणि मी. हायवेभर ट्रक. गाडी साठेच चालवायचे, कारण आमच्यात दुसऱ्या कुणाला येतच नव्हती.

* * *

साठ्यांच्या अंगावर पित्त उठायचं. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत लाल चट्टे, आणि खाज अशी की सिग्नलला स्टीअरिंग सोडून दोन्ही हातांनी खाजवायचे. स्किनच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: गोळी रोज एक, ठरल्या वेळी, अंग स्वच्छ दिसलं तरी. चट्टे गेले आणि साठ्यांनी गोळी बंद केली. पुढच्याच आठवड्यात अमेरिकन साहेबासमोर प्रेझेंटेशनला उभे राहिले, तर वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला! साहेबाने काळजीने विचारलं, कुणी मारलं का?

डॉक्टर भडकले. साठे शांतपणे म्हणाले, "सर, बीमारी दिख ही नहीं रही थी, तो दवाई देता किसको?"

* * *

नेन्यांनी पुण्याहून आमसुलं मागवली. साठे आमसुलाचं पाणी अंगाला चोपडून आले, व्हॅनभर सोलकढीचा वास. ऑफिसच्या गेटवरचा हरयाणवी गार्ड म्हणाला, आमच्याकडे पित्ती उठली की गेरू लावतात. दुसऱ्या दिवशी साठे गेरू फासून हजर, कॉलर लालभडक.

पेडणेकर म्हणाले, "साठे, उद्या डोक्यावर तुळस लावा. वृंदावन पूर्ण होईल."

* * *

पहिली गोळी झोप आणणारी होती. ती रात्रीच घ्यायची, आणि घेऊन गाडी चालवायची नाही, असा सक्त हुकूम. एकदा पेडणेकरांना शिंका सुरू झाल्या. "ॲलर्जी ती ॲलर्जी, यार," म्हणत त्यांनी साठ्यांची गोळी सकाळीच गिळली. त्या दिवशी ते इंटरव्ह्यू घेत होते. पहिलाच उमेदवार उत्तर देत असताना त्यांना गाढ झोप लागली. तो बिचारा त्यांना जाग येईपर्यंत बसून राहिला.

त्याला नोकरी मिळाली. पेडणेकर अजून सांगतात की त्यांनी त्याचा पेशन्स तपासला.

* * *

मग साठ्यांनी कमाल केली. मधल्या राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एका रात्री तीन एकदम घेतल्या, वर सर्दीचीही एक. सकाळी महिपालपूरला सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागून हॉर्नचा गोंगाट, आणि साठ्यांची हनुवटी छातीवर.

डॉक्टरांनी हात जोडले. राहिली ती राहिली, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा त्याच जातीचं औषध असतं, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. त्यांनी झोप न आणणारी नवी गोळी लिहून दिली, तीही आधी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा म्हणाले. पण साठे मनातून हादरले होते.

"नको," ते आम्हाला म्हणाले. "माझ्या मागे तीन घरं बसलेली असतात. मी खाजवीन."

आणि माणूस खरंच खाजवत राहिला. मनगटं रक्ताळलेली, डोळे तारवटलेले. रात्रभर बसून असतात, बघवत नाही, असं वहिनी माझ्या बायकोजवळ रडल्या. आम्हाला त्यांची फार दया यायची. आणि खरं सांगतो, गाडीत बसताना बरंही वाटायचं.

* * *

पावसाळा संपता संपता साठ्यांचे चट्टे अचानक गेले. गोळी नाही, काही नाही, अंग एकदम स्वच्छ. आम्ही पेढे वाटले. फक्त जांभया फार द्यायचे. दोनदा गाडी ट्रकच्या अंगावर जाता जाता वाचली. वय झालं, असं आम्ही ठरवलं. नेने त्यांना जागं ठेवायला मोठमोठ्याने नाट्यगीतं गायचे.

एका सोमवारी मी छत्री आणायला त्यांच्या घरी वर गेलो. साठे खाली गाडी पुसत होते. वहिनी ओट्याशी छोटा खलबत्ता विसळत होत्या. मी सहज विचारलं, वेलची का?

त्यांनी आवाज खाली आणला. "भाऊजी, कुणाला सांगू नका हं. हे गोळी घेतच नाहीत, गाडीचं कारण सांगतात. म्हणून मी सकाळच्या चहात कुटून घालते. यांना कळतही नाही."

"ती नवी गोळी?"

"छे, जुन्याच. इतक्या उरल्यात, वाया कशाला घालवायच्या? आता एकीने भागत नाही, दोन घालते."

"आजचा चहा?"

"झाला की आत्ताच."

खालून हॉर्न वाजला. नेने आणि पेडणेकर आत बसलेले खिडकीतून दिसत होते. वहिनींनी छत्री माझ्या हातात दिली.

"पळा लवकर, भाऊजी. उशीर झाला ना, की हे गाडी फार जोरात मारतात."