मध्यंतराला उठणारा माणूस

गल्लीतल्या डावखुऱ्या सलूनवाल्याला सगळे ‘मध्यंतर’ म्हणत. दर शुक्रवारी पहिला खेळ गाठायचा आणि मध्यंतराला उठून दुकानात यायचं, हा त्याचा शिरस्ता. “पुढचं काय ते मला कळतंच,” म्हणायचा. मग गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत सिनेमाची मात्र बिनपाण्याने करायचा. त्याने नाक मुरडलं की गल्लीतलं कुणी तिकडे फिरकत नसे. याचा त्याला कोण तोरा!

त्याच तोऱ्यापायी मुलगा घर सोडून गेला. नट व्हायचंय म्हणाला, तर बापाने भरल्या दुकानात सुनावलं, “आधी आरशात थोबाड बघ.” आरशांना काय तोटा होता तिथे. त्यानंतर बापलेकांत अवाक्षर नाही. आणि इतक्या वर्षांनी बायको म्हणाली, “पोराचा सिनेमा लागतोय. बाबांनी बघावा म्हणतोय. जा, आणि वाकडं बोलू नका.”

तो गेला. डोळ्यांत तेल घालून प्रत्येक घोळक्यात पोराला शोधत राहिला. मध्यंतर झालं तरी पत्ता नाही. त्याचं काम कापलं असेल, नाहीतर त्याने थापच मारली असेल, असं वाटून त्याचं डोकं फिरलं. नेहमीसारखा उठला, दुकानात आला आणि म्हणाला, “टुकार. फुकट दाखवला तरी जाऊ नका.”

पुढच्या गुरुवारी मुलाचा फोन आला.

“बाबा, पाहिलात?”

“पाहिला.” खरं सांगायची छाती झाली नाही.

“न्हाव्याचं काम कसं वाटलं?”

“झकास. हात काय सफाईने चालवलास.”

“कुठला हात?”

तो गडबडला. पोरगा तर पहिल्यापासून उजव्या हाताचा. “उजवा. दुसरा कुठला?”

“डावा, बाबा. तुमच्यासारखा. बोटं कापून घेत शिकलो.” आणि फोन बंद झाला.

सकाळी तो धावतपळत थिएटरवर पोचला, तर तिथे दुसऱ्याच सिनेमाचं पोस्टर लागलं होतं.

आता खुर्चीत बसेल त्याला तो विचारतो, “तो मागचा सिनेमा पाहिलात का हो? त्यात एक न्हावी होता. कसं केलं त्याने काम?”

गिऱ्हाईक आरशातून त्याच्याकडे बघतं.

“तुम्हीच नको म्हणालात ना? मग कोण जातंय.”