उजव्या बाजूचा पाट

उल्हास चांदोरकर त्या शनिवारी सकाळपासून घरभर नुसता नाचत होता. अमेरिकेतल्या कॅरी गावात त्याने आणि हेमचंद्रने मिळून घर घेतलं होतं. भिंतींना अजून रंगाचा वास होता आणि आज सत्यनारायण होता. केळीचे खुंट मिळाले नाहीत, म्हणून शेजारच्या शेतातली मक्याची ताटं आणून त्याने चौरंगाला बांधली. "छान दिसतंय ना रे?" असं त्याने इतक्यांदा विचारलं, की हेमचंद्रने शेवटी त्याच्या हातात झाडू दिला.

सांगलीहून पीएचडीला आलेला उल्हास आता औषधांच्या कंपनीत केमिस्ट होता. विद्यापीठाच्या लॉन्ड्रीत एकदा त्याचा पंचा हेमचंद्रच्या कपड्यांत गेला. तो परत द्यायला आलेला माणूस चहाला थांबला, आणि मग थांबलाच. एकोणीसशे शहाऐंशी साल उजाडलं, तरी इथल्या महाराष्ट्र मंडळात हेमचंद्र 'उल्हासचा रूममेट' होता. ती ओळख हेमचंद्रनेच ठरवलेली. पाहुणे आले की तो स्वयंपाकघरात शिरायचा, फोटो काढायची वेळ आली की कॅमेरा हातात घ्यायचा. दोघांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता.

"उद्या पूजेला तरी शेजारी बस," उल्हास आदल्या दिवशी म्हणाला होता.

"आणि पुऱ्या कोण तळणार?" हेमचंद्रने विषय संपवला होता.

अकरा वाजेपर्यंत घर भरलं. मंडळातल्या सुमित्राकाकूंनी आल्या आल्या सगळ्या खोल्या पाहिल्या. "एवढ्या बेडरूम्स कुणासाठी रे? आता घरवाली आण. आणि काय हो रूममेट, नव्या घरातही रेंट देणार का?"

"रेंटच्या बदल्यात पुऱ्या तळतो, काकू," आतून हेमचंद्र म्हणाला. सगळे हसले. उल्हासही सवयीने हसला.

दिगंबरकाका आठवडाभर टेलिफोन कंपनीत इंजिनिअर आणि शनिवार-रविवारी भटजी. त्यांनी पोथी उघडली. "उल्हास, कमरेला सुपारी खोच. पत्नी नसली की तिच्या जागी सुपारी. पद्धत आहे."

उल्हासचा सकाळपासूनचा उत्साह एकदम ओसरला. आपलं माणूस भिंतीपलीकडे तेलाच्या धुरात आणि आपल्या शेजारी सुपारी! तरी त्याने हात पुढे केला. पण तबकात सुपारी नव्हती.

"अहो, मीच ठेवली होती इथे जास्तीची!" काका विड्याची पानं उलटीपालटी करू लागले.

"माझ्या पर्समध्ये सुगंधी सुपारी आहे, चालेल?" काकूंनी विचारलं.

"कातरलेली बायको नाही चालत हो, काकू!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

तो विरायच्या आत स्वयंपाकघराचं दार उघडलं. हेमचंद्र अंघोळ करून, उल्हासचं जुनं सोवळं नेसून उभा होता.

"सुपारी राहू दे, काका. मी बसतो."

हशा तिथल्या तिथे थांबला. मागे कुणीतरी उठलं आणि चपला शोधू लागलं.

"अरे, पण पुऱ्या?" सुमित्राकाकूंच्या तोंडून एवढंच निघालं.

"स्टोव्ह बंद केलाय, काकू. आता तुम्ही बघा."

दिगंबरकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पोथीवरून नजर न उचलता ते पुटपुटले, "उजव्या बाजूला बसतात. दुसरा पाट घ्या. आणि त्याच्या हाताला हात लाव."

हेमचंद्र बसला. त्याने हात टेकवला, तेव्हा उल्हासच्या मनगटाला काहीतरी गोल, टणक लागलं. तळव्यात लपवलेली अख्खी सुपारी. उल्हासने चमकून पाहिलं. हेमचंद्र अगदी सरळ, चौरंगाकडे पाहत होता; फक्त त्याचे कान लाल झाले होते.

आत काकूंनी पहिली पुरी तेलात सोडल्याचा आवाज आला.

"पाणी सोड," काका म्हणाले.

उल्हासने हेमचंद्रकडे बघतच सोडलं. ते ताम्हनात पडायचं सोडून कोऱ्या कार्पेटवर सांडलं.