आधी चपला पाहा

संध्याकाळचे आठ वाजले की काकाजी लॉजचं रजिस्टर मिटत, हातातल्या स्कूटरच्या चाबीने काउंटरवर दोनदा टकटक करत आणि समोरच्या पाहुण्याला विचारत, "जेवून झोपणार, का जेवून निघणार?" झोपणार म्हणणाऱ्याविषयी त्यांचं मत तिथल्या तिथे बनायचं. त्याला खोली मिळे, सकाळी गरम पाणीही मिळे, पण काकाजींच्या लेखी तो माणूस सौंसरला आलाच नव्हता.

लॉज बसस्टँडच्या मागे होतं, सहा खोल्यांचं. काकाजी प्राथमिक शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पत्नी गेली होती आणि मुलगा प्रमोद नागपूरला बँकेत होता. उतरणारे बहुतेक जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला आलेले. मी मात्र सरकी काढायच्या यंत्रांच्या देखभालीसाठी दिवाळीनंतर येई आणि होळीच्या आसपास परत जाई. सौंसर आणि पांढुर्णा, दोन्हीकडच्या जिनिंगचं काम माझ्याकडे होतं. मी सांगलीचा. मध्य प्रदेशात जायचं म्हणून पहिल्या वर्षी गाडीत बसून हिंदी घोकत आलो होतो. काउंटरवर उभा राहून मोठ्या तयारीने म्हणालो, "मुझे एक कमरा चाहिए, लंबे दिनों के लिए." काकाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मिळन ना जी. पण मराठी येते ना तुमाले?" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'सांगलीवाले' झालो.

रात्री इथे काय पाहण्यासारखं आहे, असं मीही इतर पाहुण्यांसारखंच विचारलं होतं. हायवेवर रंगीत दिव्यांच्या माळा लावलेले ढाबे होते, देवळाकडच्या रस्त्यावर दुकानांची रांग होती. काकाजी म्हणाले, "ते दिवे तुमच्यासाठीच लावले जी त्यांनी. तिथं तुमाले तुमच्यासारखेच भेटतील. मारुतीचं दर्शन दिवसा घ्या. रात्री गाव पाहा." आणि मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले.

गावची रात्र शोधण्याचं त्यांचं शास्त्र होतं आणि ते त्यांनी मला धडे दिल्यासारखं शिकवलं. पहिला धडा पानठेल्याचा. "पानठेलेवाला ठेला बंद करून घरी गेला, तर गावात काहीच नाही. तो घराच्या उलट दिशेला गेला, तर चुपचाप त्याच्या मागं जा." आम्ही तसे कित्येकदा गेलो. एका रात्री तो पानठेलेवाला आम्हाला थेट खंजिरी भजनाच्या स्पर्धेत घेऊन गेला आणि तिथे गेल्यावर कळलं, पहिली खंजिरी त्याचीच.

पण खरा धडा चपलांचा. देवळाचा मांडव असो, शाळेचं मैदान असो की कुणाच्या घरापुढचं अंगण, काकाजी आत डोकावण्याआधी खाली पाहत. नुसत्या पुरुषांच्या चपला असल्या की म्हणत, "इथं एक तर निवडणूक आहे, नाही तर पत्ते. चला पुढे." नुसते चकचकीत बूट दिसले की, "सत्कार आहे. हारच हार. चला पुढे." मात्र बायांच्या चपला, लेकरांच्या चपला, एखाद्या म्हाताऱ्याची झिजलेली वहाण, सगळी सरमिसळ, एकमेकींवर चढलेली दिसली की ते थांबत. "इथं बसा. इथं काही तरी होऊन राहिलं." मग ते आपल्या तपकिरी सँडल काढत. उजव्या सँडलच्या पट्ट्याला बसस्टँडवरच्या मोच्याने लाल दोऱ्याने शिवण घातली होती, कारण त्या दिवशी त्याच्याकडचा तपकिरी दोरा संपला होता. त्या सँडल ते बाजूला न ठेवता ढिगाच्या मधोमध ठेवत. "वेगळ्या ठेवल्या तर माणूस पाहुणा वाटते," असं त्यांचं म्हणणं होतं.

या धड्यांच्या जोरावर मी जे पाहिलं ते कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. संत्र्यांच्या गोदामात रात्री माल निवडणाऱ्या बायांची गाणी ऐकली. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची आणि दोघींचे हात क्षणभरही थांबायचे नाहीत. पांढुर्ण्याजवळच्या एका गावात ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात कबड्डी पाहिली. एका रात्री दंडार पाहिली, गावच्याच शेतकऱ्यांनी उभी केलेली, नाचगाणं आणि सोंगं असलेली. तिच्यातल्या राणीने सगळ्यांना पोट धरून हसवलं. दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये एक कामगार कापसाचं ओझं घेऊन माझ्यासमोरून गेला, तर त्याच्या डोळ्यांत काजळ राहिलं होतं. मी हसलो, तोही हसला. एवढ्या वर्षांच्या फिरतीत मला कामावरच्या माणसाची ओळख अशी कधी झाली नव्हती.

आमची एकदा फजितीही झाली. एका अंगणात बल्ब लागला होता, भजन रंगात आलं होतं आणि बाहेर चपला तर अगदी पाठ्यपुस्तकात छापाव्यात अशा. आम्ही शिरलो, बसलो, मी ताल धरला. दोन भजनं झाल्यावर शेजारच्या आजीबाईंना मी उत्साहाने विचारलं, "आज काय विशेष?" त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या म्हाताऱ्याची तेरवी झाली ना जी आज." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मी उठायला लागलो, तर त्यांनीच माझी बाही धरली. "बसा. त्याला बी गर्दी आवडे." आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतताना काकाजी म्हणाले, "आपण चुकलो नाही. बोलावणं नव्हतं, एवढंच."

तिसरा धडा कानांचा. गावात काही नसलं की काकाजी बोरगावकडच्या रस्त्याला स्कूटर घालत आणि फाट्यावर येऊन इंजिन बंद करत. थंडी, अंधार, ओलीत केलेल्या रानाचा वास. "सांगा सांगलीवाले, कोणीकडून येऊन राहिला आवाज?" मी कान देई आणि त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून दिशा दाखवी. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, ते लगेच स्कूटर वळवत. मास्तर आपल्याला तयार करतायत, याचा मला अभिमान वाटे.

चौथ्या वर्षी मला थट्टा सुचली. फाट्यावर थांबलो होतो आणि उजवीकडून ढोलकी स्वच्छ ऐकू येत होती, बहिऱ्यालाही कळावी इतकी. मी तसाच हात पुढे करून म्हणालो, "डावीकडे." मला वाटलं, आता मास्तर माझा कान पिळतील. त्यांनी स्कूटर डावीकडे घातली. बरंच आत गेलो. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, मध्ये आम्ही, बाकी काही नाही. काकाजींनी इंजिन बंद केलं, मान किंचित कलती केली आणि म्हणाले, "वा. आज ढोलकीवाला जोरात आहे."

"काकाजी, इथं काही नाहीये," मी म्हणालो. ते तसेच खुशीत होते. मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगावं लागलं. मग त्यांनी चाबी काढून मुठीत धरली आणि बांधावर बसले. "दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "उजेडात तोंडाकडे पाहून समजून जाते. अंधारात तोंड दिसत नाही जी."

त्या अंधारात मला एकेक गोष्ट उलगडत गेली. फाट्यावर ते मला का विचारत. मांडवात नेहमी खांबाशेजारीच का बसत आणि तळहात खांबावर सपाट का ठेवत. मी समजत होतो, पाठीला आधार घेतात. मोबाइलची विजेरी माझ्या तोंडावर धरून मी विचारलं, "मग येता कशाला?" ते म्हणाले, "खांबाला हात लावला की ढोलकी हातात येते. लोकं हसले की मी हसतो. आठनंतर घरी बसून काय करू? तुमची काकू गेली तेव्हापासून ते घर आठनंतर मले खायला उठते." मग म्हणाले, "प्रमोदले नका सांगू. चाबी घेऊन टाकन तो." मी शब्द दिला.

दिलेला शब्द मी दोन आठवडे पाळला. पांढुर्ण्याहून परतत होतो. हायवेवरून गावाच्या रस्त्याला वळायचं होतं आणि मागून ट्रक भोंगा वाजवत येत होता, सारखा, थांबतच नव्हता. काकाजींनी निवांतपणे स्कूटर वळवायला घेतली. मी त्यांचे दोन्ही खांदे धरून मागे खेचले, स्कूटर कडेच्या चरीत गेली आणि ट्रक आमच्या अंगावर वारा घालत निघून गेला. गुडघे सोलवटले, तेवढ्यावर निभावलं. काकाजी धूळ झटकत उठले आणि रागाने म्हणाले, "काऊन ओढलं जी मले?"

ट्रक त्यांना कळलाच नव्हता. ती रात्र मी डोळ्याला डोळा न लावता काढली आणि सकाळी प्रमोदला फोन केला.

प्रमोद रविवारी आला. चांगला मुलगा, वडिलांवर जीव असलेला, त्यामुळे त्याने सगळं पटापट केलं. स्कूटर गेली, लॉज दुसऱ्याला चालवायला दिलं आणि काकाजींना नागपूरला न्यायचं म्हणून त्यांची बॅग गाडीत ठेवली. काकाजी पुढच्या सीटवर बसले होते. मी खिडकीशी वाकलो, त्यांना माझं तोंड दिसेल असा. तेच आधी बोलले. "तुमचं चुकलं नाही, सांगलीवाले. पण माझी रात्र तुमीच बंद केली. हे बी खरं आहे." गाडी गेली. मी बरोबर वागलो होतो असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण त्या वाक्याने जे टोचलं ते काही केल्या निघालं नाही.

पुढच्या हंगामात मला तेलंगणातल्या एका कापसाच्या गावात पाठवलं. ना ओळख, ना भाषा. आठ वाजले आणि पाय आपोआप बाहेर पडले. एका सभागृहाबाहेर चपला दिसल्या. मी त्यांचा फोटो काढला आणि धीर करून काकाजींना पाठवला. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "लहान मुलांच्या चपला दिसत नाहीत. पुढे जावे." बोलताना पक्के सौंसरचे असलेले काकाजी मोबाइलवर मात्र फळ्यावर लिहिल्यासारखं शुद्ध लिहीत, पूर्णविरामासकट. मी ते उत्तर चारदा वाचलं. माझ्याशी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं असतं, तर मी काय केलं असतं कोण जाणे.

मग तो आमचा रिवाजच झाला. मी जाईन त्या गावातून चपला पाठवायच्या आणि त्यांनी निकाल द्यायचा. "बसावे." "पुढे जावे." एकदा, "बसावे, पण लवकर उठावे, कोपऱ्यातले बूट पोलिसांचे आहेत." ते खरंच पोलिसांचे होते.

स्वतःविषयी ते फारसं लिहीत नसत. प्रमोदने कानाचं मशीन आणून दिलं होतं. "त्यात पंखा ऐकू येतो, शेजारची भांडी ऐकू येतात. हवे ते येत नाही." एकदा त्यांनीच एक फोटो पाठवला. चौथ्या मजल्यावरचा लांब व्हरांडा, बंद दारं आणि प्रत्येक दाराशेजारी चपलांचं बंद कपाट. खाली लिहिलं होतं, "येथे चपलांनाही दार आहे. काय वाचणार?" मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. ते टोचणं पुन्हा जागं झालं.

या हिवाळ्यात प्रमोदचा फोन आला. आवाज घाबरलेला. "भाऊ, बाबा तुमच्याशी काही बोलले का? आठ वाजता खाली उतरले, अजून वर आले नाहीत. इमारतीखालचा इस्त्रीवाला तेव्हाच दुकान बंद करून गेला, त्याच्या मागे मागे जाताना वॉचमनने पाहिलं म्हणे."

मी यंदा पुन्हा पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये होतो. मी विचारलं, "इस्त्रीवाला घरी गेला का?"

"नाही ना. घर तर त्याचं समोरच्या गल्लीत आहे. तो मागच्या बाजूला गेला, बांधकामावरच्या लोकांच्या वस्तीकडे."

"मग काळजी करू नको," मी म्हणालो, पण फोन ठेवल्यावर मलाच बसवेना. यंत्र चालू होतं, मी त्याच्याभोवती उगाच फेऱ्या मारत होतो. बऱ्याच वेळाने मोबाइल थरथरला.

फोटो होता. पत्र्याच्या एका शेडबाहेर चपलांचा ढीग. बायांच्या, लेकरांच्या, सिमेंटने पांढऱ्या झालेल्या, एकमेकींवर चढलेल्या. आणि मधोमध दोन तपकिरी सँडल, उजवीच्या पट्ट्याला लाल दोरा. खाली एकच शब्द, पूर्णविरामासकट.

"बसलो."