आबांचे मोकळे कुत्रे आणि माझी साखळीतली कुत्री

माणसांवर विश्वास ठेवायला मला वेळ लागतो. ठेवलेला काढून घ्यायला मात्र अजिबात लागत नाही. शिरूरला, म्हणजे तेव्हाच्या बोलण्यात घोडनदीला, मिशनच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट आहे. साठ-एकसष्ट साल असेल. मी तिशीतली, एकटी, आणि पदरात एक कुत्री. शाळेच्या मडमबाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा कपाट आणि शिवणाचं मशीन लोकांनी आधीच मागून ठेवलं होतं. कुत्री कुणी मागितली नव्हती, ती माझ्याकडे आली.

मडमबाईंनी तिला साखळीला धरून सकाळ-संध्याकाळ फिरवायची सवय लावली होती. ती मोडली तर घरात घाण करायची, म्हणून मीही फिरवू लागले. साखळीला बांधून फिरवायची ती गाय किंवा म्हैस, कुत्रं नव्हे, असं गावाचं मत होतं. बाई कुत्रीला फिरवतात की कुत्री बाईंना, हा विनोद मी इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे मीच तो आधी सांगून मोकळी होत असे.

आमच्या कंपाउंडमागून नदीकडे जाणारी पायवाट एका मळ्याच्या बांधावरून जात होती. मळ्याचे मालक साठी उलटलेले, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या वस्तीवर दोन तांबडे कुत्रे होते, कायम मोकळे. आम्ही बांधावर पाय ठेवला की दोघे दात विचकत यायचे आणि चार हात लांब उभे राहून गुरगुरायचे. माझी कुत्री साखळीला हिसके द्यायची, मी तिला पोटाशी ओढायची, आणि आबा बाजेवर बसून तंबाखू मळत हे सगळं बघायचे.

एकदा ते म्हणाले, "बाई, बांधावर आलं की हाळी देत जा. कुत्रं धरा म्हनायचं. आमी धरतो."

सगळे तसंच करत, हे मला माहीत होतं. वस्तीवर जाणारा माणूस लांबूनच ओरडतो, घरातलं कुणीतरी कुत्र्याच्या मानेला धरून उभं राहतं, आणि माणूस पुढे जातो. पण मी शिक्षिका. ज्याचे कुत्रे त्याने बांधावे, मी का म्हणून शेतात उभी राहून ओरडू? मी हाळी दिली नाही. आणि आबांनी कुत्रे धरले नाहीत, याचा अर्थ त्यांना ते धरायचेच नव्हते, असा मी लावला. दर रविवारी उपासनेत शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल ऐकताना मी मनातल्या मनात आबांना वगळत असे.

त्याच उन्हाळ्यात आमच्या आळीतले दोन कुत्रे विष घातलेली भाकरी खाऊन मेले. कुणी घातली ते कुणाला कळलं नाही. मला कळलं, असं मला वाटलं.

मग एका सकाळी व्हायचं ते झालं. तांबडे कुत्रे थांबले नाहीत, सरळ अंगावर आले. साखळी माझ्या हातातून निसटली आणि तिन्ही कुत्र्यांचा एकच गोळा झाला. आबा धावत आले ते मी पाहिलं. त्यांनी वाकून माझ्याच कुत्रीची मान धरली. स्वतःच्या कुत्र्यांना फावावं म्हणूनच माझीला धरलं, अशी माझी खात्री पटली. मी किंचाळले, साखळी ओढून तिला सोडवलं आणि मागे न बघता घर गाठलं. तिचा कान फाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला बाहेर आले तर आबा आमच्या कुंपणापाशी उभे. हाताला चिंधी गुंडाळलेली. शेतकऱ्याच्या हाताला चिंधी असतेच, मी तिकडे लक्ष दिलं नाही. ते कुत्रीकडे टक लावून बघत होते.

"खाती का नीट? पानी पिती?"

"पिते," मी तुटकपणे म्हणाले.

ते गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि पुन्हा तेच विचारलं, खाती का, पानी पिती का. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्याच्या कुत्र्यांनी तिला फाडलं त्याला तिच्या खाण्यापिण्याची एवढी काळजी कशाला? तिची जेवायची वेळ आणि जागा हेरायला आले असणार. त्याच दुपारी कंडक्टरच्या हातापाया पडून मी कुत्रीला एस.टी.त घातलं आणि दौंडला बहिणीकडे नेलं. तिचा नवरा रेल्वेत होता, क्वार्टरला पक्की भिंत होती.

चौथ्या दिवशी आबा आलेच.

"बाई, कुत्री दिसंना?"

"नाही ती आता," मी म्हणाले. "संपलं ते." आणि दार लावून घेतलं. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर ते बराच वेळ तिथेच उभे होते. डाव फसल्यावर माणूस असाच उभा राहतो, असं मला वाटलं आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

त्यानंतर आबा दिसेनासे झाले. बाज रिकामी असायची. लाज वाटून तोंड लपवत असतील, असं मी धरलं. महिन्याभराने कुत्रीला परत आणलं आणि मुद्दाम, छाती काढून, त्याच बांधावरून नेलं. दोन्ही तांबडे कुत्रे खुंट्याला बांधलेले होते. बाजेवर आबा पडले होते, खूप वाळलेले. कुत्रीला पाहून ते उठून बसले.

"ही तीच का?"

मी मान हलवली.

"जित्ती हाय म्हंजी."

मग त्यांनी सदरा वर केला. बेंबीच्या भोवती सगळं पोट सुजून लाल झालं होतं. "चवदा सुया घेतल्या पुन्यात. लेकीकडं राहून." आणि डावा हात पुढे केला. अंगठ्याखाली दातांचे चार व्रण होते. "त्या दिशी सोडवाया गेलो, तवा हिनं धरला."

चावलेलं कुत्रं दहा दिवस बघायचं असतं, मेलं तर ते पिसाळलेलं समजून सुया घ्यायच्या, जगलं तर भीती नाही, हे आम्ही शाळेत मुलांनाही सांगत होतो.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर मान्सं तिला त्याच दिशी मारत्यात. मेल्यावर काय कळायचं? म्हनून गप येऊन बघत हुतो. आन् तुमी म्हनला, संपली." ते माझ्याकडे बघत राहिले. "लपवली का वो?"

खोटं बोलायची आता सोय नव्हती. "तुम्ही तिला विष घालाल असं वाटलं," मी म्हणाले.

आबांनी सदरा खाली ओढला. "इष घालायचं असतं बाई, तर मधी हात कशाला घातला असता?"

दिवसातून दहा वेळा मी पोरांकडून 'चुकलं' म्हणवून घेत असे. त्या बांधावर उभं राहून मी तो शब्द म्हणाले, पण तो इतका हळू निघाला की आबांपर्यंत पोचला की नाही, हे मला कळलं नाही.