शेवटचं कडवं

माझी आई कांद्याच्या वाफ्यात खुरपताना गाणी रचायची. कवठे येमाईला आमच्या वस्तीवर एप्रिलातल्या जयंतीला दरवर्षी तिचं एक तरी नवं गाणं व्हायचंच. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. गाणं कुठंही गेलं तरी ते कुणाचं हे कळावं म्हणून.

ही रीत किती सहज मोडता येते, ते मला नव्वदच्या दशकाच्या शेवटी कळलं. मी शिरूरला बारावीला होते. एसटी स्टँडसमोर कॅसेटच्या दुकानात आईचं गाणं लागलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? गाडी सोडून ऐकत उभी राहिले. शेवटच्या कडव्यात मात्र आईच्या नावाच्या जागी गायकाचं नाव आलं. हा गायक दौंडचा. आदल्या वर्षी आमच्या वस्तीवर कार्यक्रम करून, आमच्याच घरी जेवून गेलेला. कॅसेटच्या कव्हरवर ‘गीत’ या शब्दापुढंही तोच.

वस्तीवर सगळे खूश होते. गाणं कॅसेटमध्ये आलं, आता आणखी काय पाहिजे, असं मलाच विचारत होते. माझं डोकं सणकलं. जे स्टँपपेपरवर नाही ते खरं नाही, अशी आमच्याकडं सगळ्यांची पक्की समजूत, आणि माझीही. मी शिरूरच्या कचेरीबाहेर बसून अख्खं गाणं स्टँपपेपरवर टाइप करून घेतलं. टायपिस्टनं विचारलं, लिहून देणार तुझी आई, मग लिहून घेणार कोण? मी म्हणाले, कुणीच नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला.

तो कागद पाहून ओळखीच्या वकीलबाई आधी हसल्या, मग त्यांनी नीट समजावलं. गाणं लिहिलं तेव्हाच त्याच्यावर आईचा हक्क झाला. त्याला नोंदणी लागत नाही, स्टँप तर नाहीच नाही. गायला आनंदानं दिलं, तरी नाव पुसायची परवानगी त्यात येत नाही. फक्त आधी कुणी लिहिलं, ते दाखवता आलं पाहिजे.

ते माझ्याकडं होतं, आणि मी ते लपवून ठेवलं होतं. सातवीत असताना आईनं हे गाणं माझ्या भूगोलाच्या वहीत मागच्या पानावर उतरवलं होतं. वह्या तपासताना गुरुजींना ते अक्षर माझंच वाटलं. त्यांनी खाली लाल शाईनं शेरा मारला, ‘अक्षर सुधारा’, आणि तारखेसह सही केली. आईच्या त्या वेड्यावाकड्या अक्षराची तेव्हा मला लाज वाटली होती. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

आई कोर्टात जायला तयार नव्हती. वही घेऊन आम्ही दौंडला गायकाच्या घरी गेलो. त्यानं चहा दिला, वही चाळली आणि म्हणाला, “आक्का, ही गाणी चळवळीची हायेत. त्यात माझं-तुझं कशाला?”

आई म्हणाली, “दादा, गाणं समद्यांचंच हाय. गावोगाव गा, मी कवा न्हाई म्हनले? पर माझं-तुझं न्हाई तर मग तुमचं नाव कशापायी घातलं?”

तो पुढच्या वेळी बघू म्हणाला. पुढची वेळ म्हणजे दौंडचीच जयंती. वस्तीवरच्या पंधरा-वीस बायका टेम्पो करून गेलो आणि मंडपात पुढं बसलो. शेवटचं कडवं आलं तशा सगळ्या उठल्या आणि माईकशिवाय, भसाड्या आवाजात, आईचं नाव घालून म्हणू लागल्या. गायक थांबला. ढोलकीवाला थांबला नाही, तो आमच्याबरोबर वाजवत राहिला. शेवटी गायकानं ते कडवं पुन्हा घेतलं, जसं होतं तसं.

कॅसेट काही बदलली नाही. कव्हरवर आजही त्याचंच नाव आहे. परवा कुणीतरी मला म्हणालं, एवढं सगळं लिहितेस, तर आईचं नाव तरी लिही. नाही लिहिणार. तिनं ते जिथं ठेवलंय तिथंच ते राहील. ज्याला हवं असेल त्यानं जयंतीला वस्तीवर येऊन गाणं शेवटपर्यंत ऐकावं.