पहिल्या रांगेतले नानासाहेब

नानासाहेबांच्या घरी तुमचं नाव नंतर विचारलं जायचं. आधी प्रश्न यायचा, "अथी या घरी पयल्यांदा कधी आले होते?" उत्तरावरून तुमची खुर्ची ठरायची. लाखांदूरच्या त्यांच्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती. सगळ्यात जुना माणूस त्यांच्या शेजारी, नवा माणूस पार फाटकापाशी, चपलांच्या ढिगाजवळ. एकदा नव्यानं बदलून आलेले तहसीलदारही चपलांपाशी बसलेले मी पाहिले. चहा मात्र उलट्या बाजूनं यायचा. पहिला कप नव्या माणसाला. "जुन्याले घाई नसते," नानासाहेब म्हणायचे.

लोकांना याचं फार कौतुक. मला पहिल्याच दिवशी शंका आली. न्याय इतका टापटीप मांडलेला दिसला, की त्याच्या मागे काय झाकलंय ते मी आधी पाहतो. तेव्हा मी तेविशीत होतो. कोंढ्याच्या भीमजयंतीच्या स्टेजवर बोलायला शिकलो आणि पवनीच्या एका छापखान्यात पत्रकं लिहायला. पत्रकात संशय ही पहिली ओळ असते.

नानासाहेब राज्यसभेचे खासदार होते, तिसऱ्यांदा. सपरीतली रांग त्यांनी तिथूनच उचलली होती. दिल्लीत बंगला कोणता, सभागृहात बसायचं कुठं, पक्षातून आधी कोण बोलणार, या सगळ्यात जुना-नवा पाहतात, असं ते रंगून सांगत. "माह्यासंगं एकाच दिवशी शपथ घेतली आंध्रवाल्यानं. पण त्याच्या राज्याचं नाव आधी पुकारलं. जन्मभराचा सीनियर झाला गा माह्यापेक्षा, अर्ध्या घंट्यानं!" जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा खासदार निधी कोणत्या जिल्ह्याला द्यायचा असा पेच पडला. त्यांनी भंडाराच धरला. कारण काय? "गोंदिया आत्ता जन्मला. भंडारा सीनियर हाये."

हसू यायचं. पण मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर यायला या माणसानं पंधरा वर्षं घालवली होती, हे मी विसरत नव्हतो. इतकी वर्षं रांगेत उभा राहिलेला माणूस आपला नंबर कशासाठी सोडेल?

मी त्यांच्याकडे गेलो तो कमलाबाईला घेऊन. कमलाबाई वैनगंगेकाठच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. धरण झालं, नदी थांबून तिचं मोठं पाणी झालं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या नदीत जाळं टाकणाऱ्या ढिवरांना त्याच पाण्यात मासे धरायची बंदी होणार होती. जलाशयाचा मासेमारीचा ठेका नागपूरच्या एका ठेकेदाराला जाणार अशी कुणकुण होती. धरणाला दिल्लीचा पैसा लागला होता, म्हणून दिल्लीत प्रश्न विचारता येत होता. नानासाहेबांनी एकदा उठून विचारलं असतं की या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागलं असतं आणि ठेका अडला असता. एवढंच मागणं होतं.

आम्ही चपलांपाशी बसलो. आणि नानासाहेबांच्या शेजारी, पहिल्या खुर्चीत, तोच ठेकेदार.

"हे इथं कसे?" मी तिथूनच ओरडलो.

"त्यायचे वडील माह्या घरी येत होते. वारसाहक्कानं सीनियर." नानासाहेब शांतपणे म्हणाले.

"नानाजी, वारसाहक्कच पाहाचा असंल तं आमचा सासरा नदीत मेला," कमलाबाई म्हणाली. "मले कोन्ती खुर्ची देता?"

ठेकेदारानं मोबाइल काढला. नानासाहेबांनी आम्हाला चहा पाठवला, सगळ्यांच्या आधी.

गर्दी पांगल्यावर त्यांनी ठेक्याविरुद्धचं माझं पत्रक मागितलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "शिवी चांगली हाये," म्हणाले. "मागणी कुठं हाये?" खरंच, पत्रकात मागणी खाली दोन ओळींत कोंबलेली होती. त्यांनी ती वर घ्यायला लावली, तिसरं विशेषण खोडलं, आणि पोरगं सुधारतंय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. हे त्यांचं मला आवडायचं. त्याचाही मला राग यायचा.

"तुम्ही विचारणार का प्रश्न?"

"विचारतो ना. पण सीनियर माणूस उठला की पूर्ण सभागृह पाहते. पक्षाले विचारून उठा लागते."

"तुम्हाला आम्ही निवडून दिलं नाही, आमदारांनी दिलं."

"म्हणूनच तं लोकायले घाबरत नाही मी."

"आणि पक्षाला?"

ते हसले. त्या हसण्यावर मी पुढचं अख्खं पत्रक लिहिलं.

त्यांची तिसरी टर्म संपायला एक वर्ष उरलं होतं. चौथी मिळाली असती तर एखाद्या समितीचं अध्यक्षपद ठरलेलं, असं सपरीत बोललं जायचं. ठेकेदार पक्षाच्या मोठ्या माणसांतला, हेही बोललं जायचं. दोन गोष्टी शेजारी ठेवायला फार अक्कल लागत नाही. अधिवेशन आलं की सोसायटीची माणसं ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर बसायची. पहिल्या रांगेत नानासाहेब दिसायचे, पांढरे केस, ताठ मान. बायका म्हणायच्या, "दिसला वो, दिसला!" दुसऱ्या राज्यातला कोणी नवखा खासदार मागच्या बाकावरून आपल्या नदीसाठी घसा फोडायचा, सभापती त्याला बसवायचे, तो पुन्हा उठायचा. आमचे नानासाहेब बसलेलेच. कमलाबाई एकदा एवढंच म्हणाली, "पयल्या खुर्चीतून उठाले माणसाचे गुडघे दुखत असतीन."

मी फोन केला की ते म्हणायचे, "थांब बाबू. टाइम पाहून राहिलो." ते वेळ पाहत राहिले आणि एक दिवस ठेक्यावर सह्या झाल्या. आपल्याच पाण्यात उतरायला ढिवरांना ठेकेदाराची पावती घ्यावी लागली. आणि त्यानंतर महिन्याभरात पक्षानं नानासाहेबांच्या जागी दुसऱ्याच माणसाला तिकीट दिलं.

निवृत्त होणाऱ्या सदस्यांना सभागृह निरोप देतं. त्या दिवशी जो तो आभार मानतो, शेर म्हणतो, एकमेकांच्या विरोधातले लोक परस्परांचं कौतुक करतात. आम्ही टीव्हीपुढे होतो. नानासाहेब उठले. आभार मानले नाहीत. थेट वैनगंगेवर आले. ढिवर, जाळी, पावती, ठेकेदार, सगळं बोलले. बोलता बोलता हिंदी सुटली आणि आमच्या भागातली झाडीबोली आली, "नदी आमची अन् पावती त्यायची, हे काहून?" सभापतींनी घंटी वाजवली, ते थांबले नाहीत. मी इतकी भाषणं ऐकली, इतकं चांगलं एकही नाही. माझ्या शेजारी म्हातारे रडत होते.

पण निरोपाच्या भाषणाला कोणी मंत्री उत्तर देत नाही. त्यावर कारवाई होत नाही. सगळ्यांनी बाकं वाजवली आणि पुढचे निवृत्त सदस्य शेर म्हणायला उठले.

परत आल्यावर ते स्वतः कमलाबाईच्या गावी आले. जीप नव्हती, एसटीनं आले. गावात हार तयार होता. कमलाबाईनं तो घालू दिला नाही.

"बोलले तुमी चांगलं नानाजी. खोटं नाही म्हणत. पण आदी काहून नाही बोलले?"

"आधी बोललो असतो तं मागं फेकलं असतं मले, बाई."

"मंग आता कुठं फेकलं?"

नानासाहेब म्हणाले, "मले वाटे, पुढं जाऊन बसलो का आवाज मोठा होते. पण तथी जाईपर्यंत बोलाची सवयच मोडते गा." हे ते माझ्याकडे पाहून म्हणाले. नेहमीसारखं हसून नाही. तिनं त्यांना जेवायला वाढलं, मासाच वाढला, आणि पावतीचा आहे हेही सांगितलं. ते मुकाट्यानं जेवले.

नंतर तीन पावसाळे ते जगले. आमच्या धरण्यांना येत, मंडपात बसत, माझी पत्रकं सुधारत. भंडाऱ्याच्या कलेक्टर ऑफिसात माजी खासदार म्हणून चिठ्ठी आत पाठवत आणि बाहेर ताटकळत. मी तेव्हाही विचारायचो स्वतःला, हा पश्चात्ताप की सवय? अजून ठरवता आलेलं नाही. शोकसभेत त्यांच्या निरोपाच्या भाषणाचा गौरव झाला. ठेकेदारानंच केला. मी मध्येच उठून विचारलं, भाषण एवढं आवडलं तर ठेका सोडता का? मला बाहेर काढलं गेलं.

आता त्या ठेक्याची मुदत संपत आलीय. नव्यानं कोणाला द्यायचा, ते जिल्ह्याच्या बैठकीत ठरणार. आणि दरम्यान मी ज्या पक्षात गेलो, त्यानं मला तालुक्याचं पद दिलंय. त्यामुळे त्या बैठकीत मलाही जागा आहे. वरून निरोप आला, "दोन वर्षं सांभाळून बोल. जिल्हा परिषदेच्या तिकिटाले तुझं नाव हाये. थोडा सीनियर हो, मंग तुझ्या शब्दाले वजन येईल." निरोप आणणारा माणूस वाईट नव्हता. माझ्या भल्याचंच सांगत होता.

मी हे कमलाबाईला जाऊन सांगितलं. ती जाळं विणत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मंग बैठकीत बोलशीन का तिकीट भेटल्यावर बोलशीन?"

"बैठकीतच. पहिला मीच उठतो."

तिनं एक गाठ मारली, ओढून पाहिली.

"पाहू," म्हणाली.