मावशीचं एकच कलम

निवडणुकीत ऑटोवरच्या भोंग्यातून "बंधू-भगिनींनो" म्हणत जो आवाज गल्लोगल्ली फिरतो, तो माझा. पार्टी कोणतीही असो. सकाळी एकीचं रेकॉर्डिंग, दुपारी तिच्या विरोधकांचं. नागपुरात या धंद्याला कोणी नावं ठेवत नाही.

माझी मावशी लकडगंजच्या ठोक बाजारात मिरचीचे देठ खुडते. तिथं बायांसाठी संडास नव्हता, म्हणून त्या सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत. मागच्या महापालिका निवडणुकीत मावशी एका एवढ्याशा पार्टीकडून उभी राहिली. पार्टी म्हणजे चार बाया, एक रिटायर मास्तर आणि मी. जाहीरनाम्यात कलम एकच: बाजारात बायांसाठी संडास.

"मावशे, रस्ते, गटार काहीतरी टाक ना!"

"काहून टाकू गा? ते बाकीचे बोलूनच राहिले."

मोठ्या पार्ट्यांचे लोक आधी फिदीफिदी हसले. पण तिच्या कोपरासभेला बाजारातल्या सगळ्या बाया येऊन बसल्या, आणि यांची झोप उडाली. आठवड्याभरात एका मोठ्या पार्टीचा नवा कागद माझ्याकडे वाचायला आला. त्यात संडास! संध्याकाळी दुसरीचा आला, दोन संडास, नळासकट. तिसऱ्या दिवशी पहिलीनं कागदावरच टाइल्सही लावल्या. माइकपुढे मला हसू आवरेना.

मग लक्षात आलं. मावशीजवळ तेवढं एकच कलम, तेही मीच दुसऱ्यांच्या भोंग्यातून वाटत सुटलो होतो. बाजारात जाऊन तिच्यापुढे हात जोडले. तेवढ्यात माझाच आवाज ओरडत ऑटो शेजारून गेला.

"अरे बाप्पा!" ती पोट धरून हसली. "बोलू दे ना त्यायले! एवढं बोलल्यावर आता मांगं कसे फिरतीन? तू अजून जोरात बोल."

निवडणुकीत मावशी सपाटून पडली. मला रडू आलं, तिनं मात्र सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले.

वर्षभरात संडास झाला. उद्घाटनाला फीत कोणी कापायची यावरून दोन्ही पार्ट्यांचे नेते हमरीतुमरीवर आले. माइकवर अर्थात मीच होतो. मावशी शांतपणे लोटाभर पाणी प्यायली, फितीखालून वाकून आत गेली आणि कडी लावली.

थोड्या वेळानं आतून हाक आली, "नळाले पाणी येऊन राहिलं गा! सांग बायाइले!"

मी माइकवरून सांगितलं.